सहा प्रतींतली तक्रार : अंतर्गत समितीचा मला आलेला अनुभव

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे द्यायची तर तिच्या सहा प्रती लागतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. चौदा पानांचा अर्ज मी तीन रात्री जागून हातानं लिहिला होता. समितीच्या सदस्य-सचिव बाईंनी तो घेतला, पानं मोजली आणि म्हणाल्या, "असे सहा सेट लागतील. साक्षीदारांची नावं आणि पुरावे जोडून." ऑफिसच्या मशीनवर ते काढणं शक्यच नव्हतं, तिथं दिवसभर कोण ना कोण उभं असतं. म्हणून दुपारच्या सुट्टीत शाहूपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. पोरगं एकेक पान काढून काउंटरवर उताणं ठेवत होतं. माझ्या मागे दोघे उभे होते, त्यातला एक मान वाकडी करून वाचायला लागला. मी पानांवर पर्स ठेवली. चौऱ्याऐंशी पानांचे ८४ रुपये झाले. त्या दहा मिनिटांत मला जेवढं उघडं पडल्यासारखं वाटलं, तेवढं पुढच्या चार महिन्यांत एकदाही वाटलं नाही.

ही सेवा कशी आहे हे लिहायचं कारण एवढंच, की तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. दवाखान्याबद्दल लिहितात, बँकेबद्दल लिहितात. समितीपुढे जाऊन आलेली बाई गप्प बसते, आणि पुढच्या बाईला पुन्हा सहा प्रतींपासून सुरुवात करावी लागते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लोकनियुक्त संस्थेच्या सभा विभागात नोकरी केली. काम इतिवृत्ताचं. विषयपत्रिका काढायची, सभेला बसायचं, कोण काय बोललं ते टिपायचं, ठराव, सूचक, अनुमोदक लिहायचे आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करून घ्यायचं. २०१९ साली मी एका निवडून आलेल्या सदस्यांविरुद्ध तक्रार केली. आता निवृत्त आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर आणि माणसांची ओळख जाहीर करता येत नाही, म्हणून संस्थेचं नाव, पद, त्यांचे शब्द यातलं काहीही इथं येणार नाही. ते कलम योग्य आहे, मी ते पाळते.

इतिवृत्ताच्या रजिस्टरचा एक प्रसंग मात्र सांगता येतो, कारण समितीनं तो तक्रारीत धरलाच नाही.

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा होऊन गेली होती. गाळ्यांच्या भाड्याचा ठराव एकमतानं झालेला. चार दिवसांनी ते सदस्य आमच्या विभागात आले आणि म्हणाले, माझ्या नावापुढे विरोध लिही. मी म्हटलं, "साहेब, ठराव एकमतानं झालाय, रेकॉर्डिंग आहे. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती मांडा, मी ती नोंदवते." नियम तोच आहे आणि मी तो नव्या सदस्यांना कितीदा तरी समजावून सांगितला होता. त्यांनी माझ्या समोरचं इतिवृत्ताचं रजिस्टर उचललं आणि भिरकावलं. ते कपाटाच्या कोपऱ्यावर आदळून खाली पडलं, बांधणी उसवली. खोलीत सातजण होते. माझे वरिष्ठ होते. कुणी जागचं उठलं नाही. ते निघून गेल्यावर आमच्या शिपाईमामांनी रजिस्टर उचललं, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "वहिनी, पानं सुट्टी झाल्यात, पन हरवलं न्हाई काय."

रजिस्टर हा शेवट होता. त्याआधी दीड वर्ष जे चाललं होतं, त्याबद्दल तक्रार होती.

ऑफिसातल्या पुरुष मंडळींचा एकच सल्ला होता : "३५३ घाला." सरकारी कामात अडथळा आणल्याचं ते जुनं कलम आपल्या ऑफिसांत सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण मला पोलीस ठाण्यात जायचं नव्हतं. त्यांना तुरुंगात घालावं असं माझ्या मनात नव्हतं. त्यांनी मला रात्री फोन करू नये आणि मला माझं इतिवृत्त खरं लिहू द्यावं, एवढंच हवं होतं. एवढंच हवं असणाऱ्या बाईसाठी जागा कुठली, तर ही समिती.

जिला आपण अजून विशाखा समिती म्हणतो ती हीच. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, २०१३ साली कायदा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला तो लागू झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. जिथं अशी समिती नाही किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती असते. फी काही नाही. वकील आणायची परवानगी दोन्ही बाजूंना नाही, आणि हे मला फार बरं वाटलं, कारण वकील आणायला जी ऐपत लागते ती त्यांच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती.

अर्ज दिल्यावर पहिला प्रश्न आला तो असा : "यात लैंगिक किती आहे?" सचिव बाईंचा स्वर वाईट नव्हता. त्यांना पुढचं काम करायचं होतं आणि कायदा लैंगिक छळापुरताच आहे. त्यांनी पेन्सिलीनं माझ्या चौदा पानांवर समासात खुणा केल्या. फोन, शेरे, बसायच्या जागेवरून केलेला आग्रह, याला बरोबरची खूण. चारचौघांत केलेला पाणउतारा, कामातल्या खोट्या चुका, रजिस्टर, याला फुली. मी पाहत होते. माझ्या दृष्टीनं ती एकच गोष्ट होती. रात्रीच्या फोनला उत्तर दिलं नाही, की दुसऱ्या दिवशी सभेत माझी टिपणी फाडली जायची. पेन्सिलीनं त्याचे दोन भाग झाले, आणि एका भागाला जायला ठिकाणच उरलं नाही. कायद्याच्या कलम ३ मध्ये भीतीचं, वैराचं वातावरण तयार करणं आणि अपमानास्पद वागणूक यांचा उल्लेख आहे. ते लैंगिक वर्तनाशी जोडलेलं असलं तर धरता येतं. हे मला नंतर वाचून कळलं. त्या दिवशी माहीत असतं तर मी त्या फुल्या मान्य केल्या नसत्या. तुम्ही अर्ज लिहीत असाल तर दोन गोष्टींमधला हा धागा तारखांनिशी लिहा : अमुक रात्री फोन, अमुक सकाळी सभेत अपमान. वेगवेगळी प्रकरणं करून देऊ नका.

सुनावणीबद्दल मात्र मी मनापासून चांगलं लिहीन. २८ जूनला पहिली बैठक झाली. खोली वरच्या मजल्यावर, टोकाला, जिना वेगळा. मला आणि त्यांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं, व्हरांड्यात समोरासमोर बसवलं नाही. हे ज्यानं कुणी ठरवलं, त्याला मी आजही दुवा देते. पाण्याचा तांब्या होता, पंखा होता, दार बंद होतं. अध्यक्षबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "जेवलात का?"

मग जबाब. मी बोलत होते आणि एक लिपिक तो लिहून घेत होता. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याचं बोलणं लिहिण्यात गेलेलं. माझं बोलणं दुसरं कुणी लिहितंय हे मी पहिल्यांदाच पाहत होते. सही करायला कागद समोर आला तेव्हा वाचला. मी म्हणाले होते, "फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा, मुलगा विचारायचा आई कुणाचा फोन, आणि मी त्याच्याशी खोटं बोलायचे." कागदावर होतं, "सदर दूरध्वनीमुळे अर्जदार यांची गैरसोय होत असे."

इतिवृत्तात मीही असंच लिहीत आले. सभागृहात आरडाओरडा झाला, की आम्ही लिहितो "सविस्तर चर्चा झाली". ती आमच्या खात्याची भाषा आहे आणि त्या लिपिकाचा त्यात काडीचाही दोष नव्हता. पण गैरसोय म्हणजे नळाला पाणी न येणं. मी म्हटलं, "मी यावर सही करणार नाही, माझे शब्द लिहा." अध्यक्षबाई जरा घुटमळल्या, वेळ झाला होता. तेव्हा बाहेरच्या सदस्या बोलल्या. निवृत्त शिक्षिका, सुती साडी, सगळा वेळ गप्प बसलेल्या. त्या म्हणाल्या, "बाईंचं वाक्य जसंच्या तसं घ्या. पोटात गोळा यायचा, असंच." लिपिकानं ओळ खोडली, वर नवीन ओळ लिहिली आणि समासात दुरुस्तीची सही घेतली. त्या खोडलेल्या ओळीची प्रत माझ्याकडे आहे. जबाबाची प्रत मागून घ्या, आणि सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा, मागे कितीही लोक ताटकळले असले तरी.

बाहेरचा सदस्य कायद्यानं का ठेवलाय, ते त्या दिवशी मला समजलं. समितीतले बाकीचे सगळे त्याच संस्थेचे नोकर. त्यांची वेतनवाढ, बदली, खात्याला मिळणारे पैसे ज्या सभागृहात मंजूर होतात, त्याच सभागृहातला माणूस त्यांच्यासमोर खुर्चीत बसून उत्तर देणार. चौकशीची पद्धत माझ्याइतक्याच घाबरलेल्या बायकांच्या हातात दिलेली. त्यांनी प्रामाणिकपणे काम केलं, मी त्याची साक्ष देते. पण त्यांना ते सदस्य आल्यावर उठून उभं राहावं लागलं. मी जिन्यावरून खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकला.

वेळेचं म्हणाल तर कायद्यात ९० दिवस आहेत. माझा अर्ज २० मेचा. तिसरी सुनावणी ६ ऑगस्टला होती आणि त्या दिवशी अर्धं कोल्हापूर पाण्यात होतं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या पुरात पाणी ५५ फुटांवर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. समितीच्या दोघी निवारा केंद्रांवर ड्युटीला होत्या, मीही होते. त्या उशिराबद्दल माझी तक्रार नाही. अहवाल २० सप्टेंबरला झाला आणि दुसऱ्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. मग फाईल बसली ती बसलीच.

अहवालात काय आलं ते ओळख न देता एवढं सांगता येईल, की तक्रारीतला समितीनं धरलेला भाग सिद्ध झाला. लेखी माफी आणि सभा विभागातल्या कुणाशीही थेट संपर्क न ठेवणं, अशी शिफारस झाली. शिफारस प्रशासनाच्या प्रमुखांकडे गेली. हा कायदा मालक आणि नोकर धरून लिहिलेला आहे : समितीनं सुचवायचं, मालकानं ६० दिवसांत अमलात आणायचं. नोकराची वेतनवाढ रोखता येते, त्याला निलंबित करता येतं. निवडून आलेला सदस्य कुणाचा नोकर? प्रशासनाचा प्रमुख त्याला कारणे दाखवा नोटीस तरी कुठल्या सेवानियमाखाली काढणार? तो प्रमुखच सभागृहाला उत्तर देतो. सदस्यत्व काढायची तरतूद आहे, ती वरच्या सरकारकडून जाणारी लांबची वाट; तिथं माझा कागद पोचला की नाही, मला कुणी कळवलं नाही. माफी आली नाही. फोन मात्र अर्ज दिला त्या आठवड्यापासून बंद झाले ते कायमचे, आणि हे मी कमी मानत नाही.

एक भ्रम ऑफिसात पक्का आहे, तो इथंच मोडते. "सभागृहातल्या माणसाला कायदा लागत नाही" असं मला तिघांनी सांगितलं. राज्यघटनेच्या कलम १०५ आणि १९४ मध्ये संसद आणि विधिमंडळातल्या सदस्यांना सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल न्यायालयापासून संरक्षण आहे. ते भाषणाला आहे. विधिमंडळाचा आमदारसुद्धा ते रात्रीच्या फोनला लावू शकत नाही, आणि स्थानिक संस्थेच्या सदस्याला तर ती कलमं लागूच नाहीत.

आता बदलीचं. कलम १२ प्रमाणे चौकशी चालू असताना तक्रारदार बाईनं लेखी मागितलं, तर तिची किंवा समोरच्याची बदली, नाहीतर तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. समोरच्याची बदली कुठून कुठे करणार? मला सांगितलं गेलं, "तुम्हीच मागा, तुम्हाला शांतता मिळेल." मी मागितली. जन्म-मृत्यू नोंदणीत गेले. काम चांगलं होतं, माणसं चांगली होती. पण सभा विभागातली माझी खुर्ची गेली, आणि त्यानंतरच्या सभांची इतिवृत्तं ज्याला गाळ्यांच्या ठरावाची हकिगत माहीत नाही अशा माणसानं लिहिली. हा एक निर्णय मला परत घेता आला असता तर मी घेतला असता. तुम्ही मागू नका. रजा घ्या, पण खुर्ची सोडू नका.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं, २०२२ च्या मार्चमध्ये, मुलानं मला मोबाईलवर एक बातमी दाखवली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे २००९ ते २०१९ या काळातले स्पीकर जॉन बर्को यांनी कर्मचाऱ्यांचा छळ केला, असा निकाल लागला होता. तक्रारदार तिघे : त्यांच्या हाताखाली काम केलेले दोन खासगी सचिव आणि सभागृहाचे त्या वेळचे सर्वोच्च अधिकारी. म्हणजे माझ्याच बिरादरीतली माणसं, विषयपत्रिका आणि इतिवृत्तवाली. २१ आरोप सिद्ध झाले. बर्को यांनी ते नाकारले. एका तक्रारीत मोबाईल टेबलावर आपटल्याचा उल्लेख आहे. तो वाचताना मला कपाटाचा कोपरा दिसला.

मुलाच्या मदतीनं मी ब्रिटनच्या संसदेची सगळी पद्धत समजून घेतली. २०१८ च्या जुलैत त्यांनी स्वतंत्र तक्रार योजना सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माजी न्यायाधीश लॉरा कॉक्स यांचा अहवाल आला, त्यात वरपासून खालपर्यंत मान तुकवून गप्प राहायची सवय लागली आहे असं सरळ लिहिलं होतं. त्या योजनेत लैंगिक छळ आहेच, आणि नुसता पाणउतारा, दादागिरी हीसुद्धा स्वतंत्र तक्रार आहे. पेन्सिलीच्या फुल्या नाहीत. २०२० पासून खासदारांना शिक्षा काय द्यायची हे ठरवायला स्वतंत्र तज्ज्ञांचं मंडळ आहे, त्यात एकही खासदार नाही. निलंबनाची शिफारस सभागृहापुढे येते, पण त्यावर चर्चा करता येत नाही, थेट मतदान. आणि मुदत : सुरुवातीला फक्त २०१७ नंतरच्या घटना घेत होते, २०१९ च्या ऑक्टोबरपासून जुन्याही घेऊ लागले; २०२२ च्या एप्रिलपासून मात्र दादागिरीच्या तक्रारीला एका वर्षाची मुदत घातली. बर्कोंची प्रकरणं २०१४ पर्यंतची होती, तक्रारी २०२० मधल्या. म्हणजे त्यांनाही निकालाला दोन वर्षं लागली. आपल्याकडे शेवटच्या घटनेपासून तीन महिने, आणि कारण पटलं तर आणखी तीन. माझ्या तीन महिन्यांतला दीड महिना लोकसभेच्या निवडणूक कामात गेला, उरलेला हिंमत गोळा करण्यात. २४ मे ही शेवटची तारीख होती. चार दिवस हातात ठेवून मी अर्ज दिला. हाताखालचा माणूस बहुतेक वेळा बदली झाल्यावरच बोलू शकतो, हे ज्यांनी तीन महिने ठरवले त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

आमच्या सभागृहात व्यासपीठामागे शाहू महाराजांची मोठी तसबीर आहे. त्यांनी १९१९ साली करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. मी कितीतरी सभा त्या तसबिरीकडे तोंड करून लिहिल्या.

गुण द्यायचे तर समितीतल्या माणसांना पाचपैकी चार. गुप्ततेला साडेतीन; खोलीत ती पूर्ण पाळली, सहा प्रतींच्या पायी बाहेर सांडली. प्रती काढायची सोय समितीच्याच खोलीत करा, एक मशीन तेवढं लागतं. तक्रार लोकप्रतिनिधीविरुद्ध असेल तर निकालाच्या अंमलाला शून्य. तशा तक्रारीत समितीतले सगळेच सदस्य बाहेरचे हवेत, त्या सभागृहाशी मिठाचाही संबंध नसलेले. तोपर्यंत समितीकडे जावं का? जावं. माझे फोन बंद झाले.

गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली. दुसऱ्या एका संस्थेत सभा विभागात नवीन लागलेली, कुणीतरी माझा पत्ता दिला होता. वही घेऊन आली होती, पहिल्या पानावर अकरा तारखा, वेळेसह. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "काकू, यातले सात वेळा ते फक्त ओरडलेत. सगळ्यांसमोर. बाकी काही नाही. त्या सातांचं काय करू?" पोलिसांचं कलम मी सांगितलं, ३५३ चं आता नव्या न्याय संहितेत १३२ झालंय. पण त्याला हात उगारलेला किंवा बळ वापरलेलं लागतं. ती म्हणाली, "नुसतं ओरडले तर?"

मी तिच्या वहीत त्या सात तारखांपुढे प्रत्येकीच्या आधीच्या दिवशी काय झालं होतं ते विचारत गेले, आणि ती आठवून लिहीत गेली. चार तारखांपुढे काहीतरी सापडलं. उरलेल्या तीन तशाच राहिल्या आहेत.